भाड्याचे हेडसेट माइक, दोन साउंडवाले आणि मी नारद

आधीच सांगतो, मी काही साउंडचा माणूस नाही. दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी हौशी संगीत नाटकात गातो, बस एवढंच. पण आमच्या ग्रुपने 'सौभद्र' या जुन्या संगीत नाटकाचे प्रयोग केले त्यात दोन वेगवेगळ्या लोकांकडून हेडसेट माइक भाड्याने आणून झाले, आणि आता दुसऱ्या ग्रुपचे लोक भेटले की हमखास विचारतात की माइक घ्यावेत का, किती घ्यावेत, कुणाकडून घ्यावेत. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. दोघांचीही नावं देत नाहीये. पहिल्यांचं अशासाठी नाही की एका प्रयोगावरून कुणाच्या धंद्याची वाट लावायची नाही, आणि दुसऱ्यांचं नाव दिलं तर स्पर्धेच्या सीझनला ते आम्हालाच मिळायचे नाहीत. स्वार्थ आहे, कबूल.

तर मुळात माइकची भानगड कशाला, आमचं इतकी वर्षं फूट माइकवर भागतच होतं. स्टेजच्या पुढच्या कडेला तीन-चार माइक ठेवलेले असतात, वरून दोन लोंबकळत असतात, गद्य नाटकाला तेवढं पुरतं. संगीत नाटकाला मात्र घोळ होतो, कारण ऑर्गन आणि तबला तिथेच पुढे बाजूला बसलेले आणि फूट माइकला नट काय नि तबला काय सगळं सारखंच, त्यात तबला त्याला जवळचा. तुम्ही दोन पावलं मागे गेलात की संपलं. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो हे मला नंतर कळलं, पण त्याचा अनुभव आम्ही सगळ्यांनी आधीच घेतलेला, त्यामुळे आमच्या नाटकात पद सुरू होणार असलं की प्रत्येक पात्र आपोआप पुढे सरकत फूट माइकच्या डोक्यावर येऊन उभं राहायचं. अर्जुन विरहात, सुभद्रा विरहात, रुक्मिणी रागात, पण सगळे एकाच फळीवर. एका प्रेक्षकाने विचारलंही होतं की तिथे खूण केलीये का.

आमच्यात एक काका आहेत, बलराम करतात, त्यांचा माइकला कायमचा विरोध. त्यांचं म्हणणं केशवराव भोसल्यांना कुठे माइक होता, बालगंधर्वांना सुरुवातीला कुठे होता, गळ्यात ताकद पाहिजे. बरोबर आहे हो काका, पण केशवराव १९२१ साली गेले, तेव्हा थिएटरात एसीची घरघर नव्हती, जाड पडदे आणि मऊ खुर्च्या नव्हत्या, आणि मुख्य म्हणजे ते केशवराव होते. आपण दिवसभर ऑफिसात बोलून घसा बसवून येणार, रात्री काळी चारात (म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा धरून) गाणार आणि वर म्हणणार शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे. 'सौभद्र' १८८२ मध्ये आलं तेव्हा त्यात शंभरावर पदं होती आणि लोक रात्र रात्र बसून ऐकायचे. आम्ही वीसेक पदांत आणि तीन तासांत उरकतो तरी तिसऱ्या अंकापर्यंत अर्ध्या लोकांचे गळे गेलेले असतात. (काकांचा नाही जात. काकांना खरंच माइक लागत नाही, त्यांचा बलराम चिडला की बाहेर पार्किंगमध्ये कळतं.)

असो. तर ठरलं की सहा हेडसेट भाड्याने घ्यायचे.

पहिले साउंडवाले. माणसं वागायला चांगली, वेळेवर आली, सामान चकाचक, पेट्या उघडल्या तर आम्ही बघतच राहिलो. पण बरोबर जो मुलगा पाठवला होता तो बिचारा लग्नातले ऑर्केस्ट्रा करणारा. संगीत नाटक त्याने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, आणि ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलंही. त्याने विचारलं गाणी किती आहेत, आम्ही म्हणालो वीस-बावीस, तो म्हणाला ट्रॅक पेनड्राइव्हवर आहेत ना. इथेच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

साउंड चेक म्हणजे 'हॅलो हॅलो माइक चेक, वन टू थ्री'. प्रत्येकाने एकदा हॅलो म्हटलं आणि झालं, कारण आमच्याकडेही वेळ नव्हता. हौशी ग्रुपला नाट्यगृह मिळतं एका सत्रासाठी, त्यात सेट लावा, लाइट लावा, मेकअप करा, आणि साउंडला उरतात वीस मिनिटं. पण 'हॅलो' ज्या आवाजात म्हणतो त्या आवाजात कुणी तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावत नाही ना. परिणाम असा झाला की पहिल्या अंकात मी प्रवेश केला, बोललो तोपर्यंत ठीक, आणि पदात वर गेलो तसा आवाज असा फाटला की मला वाटलं माझाच घसा गेला. घाबरून मी आवाज आत ओढला, तर मुलाने तिकडे घाबरून फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढला, म्हणजे पुढच्या ओळीला दोन्हीकडून खाली. आणि वरून त्याने एको लावलेला! नारद स्वर्गातून येतो हे खरंय, पण आमचा नारद विहिरीतून आल्यासारखा वाटत होता.

त्याहून मोठी अडचण ऐकू येण्याची. ही गोष्ट गाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा, कारण मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. माइक लावले की ऑर्गनलाही माइक लागतो, आणि तो आवाज जातो प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या बॉक्समध्ये. तुम्ही त्या बॉक्सच्या मागे. तुम्हाला ऐकू येतो तो हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आलेला आवाज. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे भिंत वीस मीटरवर असली तर जाऊन यायला एक दशांश सेकंदाच्या वरच लागतं. ऐकायला काहीच नाही, पण तीनतालात हा एक दशांश सेकंद जीव घेतो. मी माझाच उशिरा आलेला आवाज ऐकून हळू व्हायला लागलो, तबलजी माझ्याकडे बघून हळू झाले, ऑर्गनवाल्या ताईंनी डोळे मोठे केले, आणि समेवर आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या वेळी आलो. सूरही अर्धा पाऊण श्रुती उतरलेला. घरी रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं, स्टेजवर वाटलं होतं की काय झक्कास लागलाय.

आता कपड्यांचं. याबद्दल कुठलाही साउंडवाला तुम्हाला काही सांगणार नाही, कारण त्यांच्या डोळ्यासमोर शर्ट-पँट घातलेला निवेदक असतो. कानावर अडकवायचा हेडसेट, पाठीवरून वायर, कमरेला ट्रान्समीटरची डबी, संपला विषय. पण पौराणिक नाटकात नारद उघडा असतो! अंगावर उपरणं, गळ्यात आणि दंडावर फुलांच्या माळा, खाली धोतर. वायर लपवायची कुठे? शेवटी उघड्या पाठीवर मायक्रोपोर टेपने चिकटवली, दहा मिनिटांत घामाने सुटली आणि उपरण्याच्या खालून शेपटासारखी डोकवायला लागली. ती डबी धोतरात खोचली तर तिच्या वजनाने धोतर खाली, पूर्ण पद मी एका हातात चिपळ्या आणि दुसरा हात कमरेवर ठेवून गायलो, लोकांना वाटलं अभिनय आहे. शिवाय चिपळ्या छातीशी वाजवल्या की माइकमध्ये तोफा. कृष्णाची कुंडलं हेडसेटच्या दांडीवर आपटून टक टक टक, मान हलवली की टक. रुक्मिणी त्याच्यावर रुसलेली आणि हा मान न हलवता तिची समजूत काढतोय, पुतळ्यासारखा. आणि अर्जुन संन्यासी होतो तेव्हा तर कहरच, स्पिरिट गमने चिकटवलेली दाढी आणि तिच्याखाली माइक, बोलला की खरखर खरखर. त्रिदंडी संन्यासी कमी आणि खराब लागलेला रेडिओ जास्त.

विंगेतला किस्सा तर सांगायलाच हवा. त्या मुलाकडे स्क्रिप्ट नव्हतं, त्यामुळे त्याने सोपा मार्ग काढला, सहाच्या सहा माइक पूर्ण वेळ चालू. माझा प्रवेश संपला, मी विंगेत आलो, आणि सवयीप्रमाणे मघाचं पद कुठे घसरलं ते बघायला हळूच सा लावून गुणगुणायला लागलो. बाहेर अर्जुन एकटा, सुभद्रा दुर्योधनाला देणार हे नुकतंच कळलेलं, तो हवालदिल होऊन बोलतोय, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याखाली हॉलभर माझं गुणगुणणं. नाटक संपल्यावर दोन जण आत येऊन सांगून गेले की पहिल्या अंकातलं ते पार्श्वसंगीत फार सूचक होतं, नारद गेला तरी त्याचं अस्तित्व जाणवत होतं. आमचे दिग्दर्शक थँक्यू म्हणाले. मीही गप्प बसलो.

पहिल्यांना माझ्याकडून पाचात दीड स्टार. एक वेळेवर आल्याबद्दल, अर्धा सामानाबद्दल. चूक खरं तर आमचीही तेवढीच, आम्ही माइक मागितले, त्यांनी माइक दिले. माणूस मागितलाच नव्हता.

दुसरे साउंडवाले आम्हाला एका स्पर्धेवाल्या ग्रुपने सुचवले. राज्याची संगीत नाट्य स्पर्धा करणारे लोक या बाबतीत पक्के असतात, त्यांना परीक्षकांसमोर सूर सोडून चालत नाही. यांचं भाडं पहिल्यांपेक्षा बरंच जास्त होतं आणि त्यावरून आमच्या मीटिंगमध्ये तास दीड तास भांडण झालं, काका अर्थातच आघाडीवर. पण फोनवर त्या दादांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, 'तालीम कधी असते? मला दोनदा यावं लागेल.' मी तिथेच मत दिलं.

आले, खरंच दोनदा आले. पहिल्यांदा नुसते बसून ऐकलं. दुसऱ्यांदा आमच्या स्क्रिप्टची झेरॉक्स घेऊन पेन्सिलने कोण कधी येतं, कोण कधी जातं, कुठे गद्यातून पदात शिरतो, कुठे दोघं जवळ येतात, सगळं मार्क केलं. जवळ येण्याचं काय कौतुक असं मला वाटलं, तर ते म्हणाले दोन माणसं तोंडाशी तोंड देऊन बोलायला लागली की एकाचा आवाज दुसऱ्याच्याही माइकमध्ये जातो, किंचित उशिरा जातो, आणि दोन्ही एकत्र झाले की डब्यात बोलल्यासारखं पोकळ ऐकू येतं. मग अशा वेळी एक माइक खाली घ्यायचा आणि दोघांना एकावरच चालवायचं. पहिल्या प्रयोगात अर्जुन-सुभद्रेचा प्रवेश भुताटकीसारखा का वाटला होता ते तेव्हा कळलं. आम्ही उगाच सुभद्रेच्या उच्चारांना दोष देत होतो, तिची माफी मागायची राहिलीच आहे.

कपड्यांचंही त्यांनी सोडवलं, निदान बरंचसं. कानावरचे हेडसेट काढूनच टाकले आणि तांदळाएवढे बारीक माइक आणले, ते कपाळावर केसांच्या कडेला टोपाखालून बाहेर काढून चिकटवायचे. तोंडापासून लांब वाटतं पण अंतर कायम तेवढंच राहतं, मान कुठेही वळवा, दाढी असो कुंडलं असो फरक नाही. सुभद्रेचा खोप्यात, कृष्णाचा मुकुटाच्या कडेखाली. फक्त घाम कपाळावरून थेट त्याच्यावर येतो म्हणून वर एक टेपची बारीक पन्हाळ केली. माझी डबी धोतरात न खोचता कमरेला कापडी पट्टा बांधून त्यात, धोतर त्याच्यावरून. आणि डबी घामाने बंद पडू नये म्हणून तिला काय घालतात माहितीये का, फुगा म्हणा, किंवा मेडिकलमध्ये मिळणारी ती वस्तू म्हणा, बिनातेलाची. नाटकवाले सगळीकडे हेच वापरतात म्हणे. आमच्या प्रॉडक्शनवाल्या काकूंनी हिशेबाच्या वहीत 'माइक कव्हर, एक डझन' असं लिहिलंय.

सेल प्रत्येक प्रयोगाला नवे, अर्धे वापरलेले असले तरी नवे. डबीला दोन पेन्सिल सेल लागतात, ते जुने घरी घड्याळाला रिमोटला वापरा पण स्टेजवर नाही. हे मात्र त्यांनी शिकवायला नको होतं, पहिल्या प्रयोगात वक्रतुंडाचा, म्हणजे नाटकातल्या विनोदी पात्राचा, माइक ऐन विनोदात गेला होता.

साउंड चेकला हॅलो म्हणायला बंदी. प्रत्येकाने आपल्या पदातली सगळ्यात वरची जागा पूर्ण आवाजात गायची, आणि लगेच आपलं सगळ्यात हळू वाक्य बोलायचं. बास, दोन ओळी, माणशी अर्धं मिनिट. यासाठी त्यांनी सेट लावणाऱ्यांना दहा मिनिटं हातोडी बंद करायला लावली, त्यावरून नेपथ्यवाल्यांशी बाचाबाची झाली ती वेगळी. आणि मॉनिटर! दोन्ही विंगांत एकेक छोटा बॉक्स, त्यात फक्त ऑर्गन आणि थोडा तबला, माझा आवाज अजिबात नाही. पहिल्यांदा ऑर्गन कानाशी आला तेव्हा सांगतो, रडू यायचं बाकी होतं. सूर शोधायची गरजच नाही, तो समोर उभा.

एक वेगळाच बदल मात्र मला अजून पचलेला नाही. मला शिकवलं गेलंय की आवाज फेकायचा, शेवटच्या रांगेतल्या माणसाला उद्देशून गायचं. आता कपाळाला माइक असताना तसं गायलो की दादा फेडर खाली घेतात, म्हणजे माझी सगळी मेहनत तिकडे एका बोटाने वजा. म्हणून सांभाळून गायलो तर सूर छान पण अंगात नारद येत नाही, घरच्या बैठकीत गातोय असं वाटतं. आणि माइक श्वाससुद्धा पकडतो. तानेच्या आधी मी जो घसघशीत श्वास घेतो तो आजवर माझ्या नि तबलजीच्या मधला खाजगी मामला होता, आता तो पहिल्या तिकिटापासून शेवटच्या तिकिटापर्यंत सगळ्यांना ऐकू जातो. उलट सुभद्रेचं बघा, ती पाठ करून, मागे झाडाजवळ उभी राहून, अगदी पुटपुटत पद सुरू करते आणि ते मागच्या रांगेत पोचतं, फूट माइकच्या काळात हे शक्यच नव्हतं. तिच्यासाठी माइक म्हणजे वरदान, माझ्यासाठी अजून ठरायचंय. काकांनी माइक लावून घेतला, पण दादांनी नंतर मला हळूच सांगितलं की बलरामाचा फेडर त्यांनी पूर्ण प्रयोगात उघडलाच नव्हता. काकांना सांगू नका. त्यांना वाटतंय माइकमुळे आवाज जरा बरा लागला.

तक्रार एकच, आणि ती मला लिहायचीच आहे. त्या दुसऱ्या प्रयोगात माझं पहिल्या अंकातलं पद रंगलं. खरंच रंगलं, म्हणजे मी नाही म्हणत, टाळ्या झाल्या आणि चौथ्या-पाचव्या रांगेतून चक्क 'वन्स मोअर' आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता संगीत नाटकात वन्स मोअर आला की पद पुन्हा घ्यायचं ही रीतच आहे, मी ऑर्गनकडे पाहिलं, ताईंनी सूर धरला, मी डोळे मिटून मुखडा पुन्हा उचलला. आणि आवाजच नाही! दादांच्या झेरॉक्सवर पदाच्या शेवटी पेन्सिलने लिहिलेलं 'नारद बंद', त्यांनी शिस्तीत बंद केलेला आणि ते पुढच्या पानावर अर्जुनाची तयारी करत होते. पूर्ण पहिली ओळ मी फक्त पहिल्या तीन रांगांसाठी गायलो. दुसऱ्या ओळीच्या मध्यात माझा आवाज एकदम धाडकन आला, तोपर्यंत मागे कुजबुज सुरू झाली होती आणि एक जण मोठ्याने म्हणाला 'लाइट गेली का'. आयुष्यातला एकुलता एक वन्स मोअर, त्याची ओळ गेली. त्यासाठी अर्धा स्टार कापलाय आणि तो परत देणार नाही. साडेचार.

नंतर दादा स्वतः मेकअप रूममध्ये आले, सॉरी म्हणाले, आणि माझ्यासमोर झेरॉक्सवर 'नारद बंद' खोडून तिथे लिहिलं 'व.मो.? थांब'. पुढच्या प्रयोगाला पद संपल्यावर त्यांनी माझा फेडर तसाच वर ठेवला, चांगला पाच-सात सेकंद. वन्स मोअर काही आला नाही. माझा श्वास तेवढा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला म्हणे.